अ‍ॅक्रिलिकचं ‘गुरुत्वीय भिंग’: घेण्याआधी टोक बघा

मोठ्या वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश भिंगातून गेल्यासारखा कसा वळतो, ते वर्गात दाखवायला वाइनग्लासच्या तळासारखं दिसणारं हे भिंग घेण्याजोगं आहे. साधं बहिर्गोल भिंग इथे कुचकामी, कारण त्यात प्रकाश कडेला जास्त वळतो. गुरुत्वाकर्षणात मात्र वस्तुमानाच्या जवळून जाताना. या भिंगाचा उतार मध्यापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात आहे. अंतर दुप्पट, तर वळण निम्मं. (सूर्याच्या अगदी कडेने जाणाऱ्या प्रकाशाचं वळण फक्त १.७५ आर्कसेकंद भरतं; एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग!)

भिंगामागे दोनेक मीटरवर बारीक एलईडी लावा आणि पुढून अर्ध्या मीटरवरून एकाच डोळ्याने पाहा. तिन्ही एका रेषेत आले की आइन्स्टाइन कडं, म्हणजे दिव्याच्या प्रकाशाचं पूर्ण वर्तुळ, दिसतं, दिवा किंचित सरकवला की त्याच्या दोन कमानी होतात. भिंग थोडं तिरकं केलं तर चार ठिपके मिळतात, १९८५ साली सापडलेल्या आइन्स्टाइन क्रॉससारखे (मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे दिसणाऱ्या, मागच्या एकाच तेजस्वी वस्तूच्या चार प्रतिमा). पैसे इथेच वसूल.

उणिवा आहेतच. मधलं टोक बोथट असेल तर कड्याच्या मधोमध नको असलेला ठिपका उरतो. लेथचे चरे राहिले असतील तर कडं तुटक दिसतं. पांढऱ्या दिव्याने रंगीत किनार येते. अ‍ॅक्रिलिक रंग वेगळे करतं, गुरुत्वाकर्षण करत नाही. म्हणून लाल एलईडी वापरा. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ कापड, स्पिरिट किंवा थिनर अजिबात नको, पृष्ठभागाला बारीक तडे जातात.