तयार दाणा की लाइनवर पेरॉक्साइड? मेल्टब्लोनसाठी पॉलिप्रॉपिलीनची साखळी कुठे तोडायची

मेल्टब्लोनसाठी (गरम हवेने अतिबारीक धागे ताणून बनवलेलं, न विणलेलं कापड) कच्चा माल ठरवायची वेळ आली की चर्चा एमएफआयच्या (मेल्ट फ्लो इंडेक्स: वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचं माप; आकडा मोठा तितका माल पातळ) आकड्यापाशी सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. १२०० घ्यायचा की १५००? पण हा आकडा तिन्ही मार्गांनी गाठता येतो. खरा निर्णय वेगळाच आहे: रेणूची साखळी आखूड करण्याचं काम पुरवठादाराच्या रिअॅक्टरमध्ये व्हावं, त्याच्या एक्स्ट्रूडरमध्ये (माल वितळवून पुढे ढकलणारं स्क्रूचं यंत्र) व्हावं, की तुमच्या? साखळी ज्याच्या हातात शेवटची तुटते, कापडाच्या गुणवत्तेची जबाबदारी त्याच्याकडे जाते.

आधी थोडं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्पनबॉन्डला (जाडसर, सलग धाग्यांचं न विणलेलं कापड) साधारण ३५ एमएफआयचं पॉलिप्रॉपिलीन चालतं (चाचणी २३० अंशांवर, २.१६ किलो वजनाखाली). मेल्टब्लोनला त्याच्या तीस-चाळीस पट पातळ माल लागतो. वितळलेल्या पॉलिमरचा घट्टपणा रेणुभाराच्या ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणून ३५ वरून १२०० वर जायला सरासरी रेणुभार सुमारे एक-तृतीयांशावर आणला तरी पुरतं. हे ऐकायला सोयीचं वाटतं, पण गणित उलटही फिरतं. रेणुभार दहा टक्क्यांनी जास्त घसरला, तर १२०० चा एमएफआय सतराशेच्या घरात जातो. लाइनवर साखळी तोडायची ठरवलीत, तर इतक्या बारीक अंतरावर रोज नेम धरायचा आहे.

रिअॅक्टरमध्येच आखूड केलेला दाणा

मेटॅलोसीन उत्प्रेरकावर बनणाऱ्या ग्रेडमध्ये साखळीची लांबी हायड्रोजनने ठरवली जाते. साखळ्या मुळातच एकमेकींच्या जवळपास लांबीच्या निघतात आणि रेणुभाराचा पसारा (साखळ्यांच्या लांबीत किती फरक आहे त्याचं माप) साधारण २ च्या आसपास राहतो. जुन्या झिग्लर-नाट्टा उत्प्रेरकावरच्या मालात तो ४ ते ८ पर्यंत असू शकतो. साखळी तोडणारं रसायन, म्हणजे पेरॉक्साइड, वापरलेलंच नसल्यामुळे वास नाही, उरलेली रसायनं नाहीत. मास्क, वैद्यकीय कापड, अन्नाशी संबंध येणारे गाळण यांसाठी माझं मत सरळ याच्या बाजूने आहे.

अडचणी दोन. असा माल बनवणारे मोजके आहेत, त्यामुळे तुटवड्याच्या काळात पर्याय उरत नाही. २०२० मध्ये मेल्टब्लोनची जी ओढाताण झाली ती आठवून पाहा. दुसरं म्हणजे मेटॅलोसीन पॉलिप्रॉपिलीन थोड्या कमी तापमानाला वितळतं. एसएमएस (स्पनबॉन्ड-मेल्टब्लोन-स्पनबॉन्ड) कापडात मधला थर याचा आणि बाहेरचे थर नेहमीच्या मालाचे असतील, तर कॅलेंडरचं (थर दाबून चिकटवणारे गरम रोलर) तापमान नव्याने बसवावं लागतं. जुनी सेटिंग तशीच ठेवलीत तर बाँडच्या ठिपक्यांभोवती बारीक छिद्रं पडतात, आणि मग दोष मालाला दिला जातो.

पुरवठादाराने तोडून दिलेला दाणा

इथे झिग्लर-नाट्टा पॉलिप्रॉपिलीन पेरॉक्साइडसोबत एक्स्ट्रूडरमधून काढतात. पेरॉक्साइडचे रॅडिकल (फुटून निघालेले अतिक्रियाशील तुकडे) साखळीवरच्या तृतीयक कार्बनचा हायड्रोजन ओढून घेतात आणि साखळी तिथून तुटते. लांब साखळीवर अशा जागा जास्त, त्यामुळे सर्वात लांब साखळ्या आधी तुटतात आणि पसारा आपोआप आवळतो. फायबर ओढण्याच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे. डायच्या जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर येताच गरम हवा धाग्याला काही मायक्रॉनपर्यंत ताणते. त्यात न तुटलेल्या लांब साखळ्यांचा गठ्ठा आला, तर तो भाग ताणला न जाता गोळी बनून पट्ट्यावर पडतो. लाइनवर याला शॉट म्हणतात. रोल उजेडासमोर धरला की हे चकचकीत ठिपके लगेच डोळ्यांत भरतात, आणि गाळणात प्रत्येक ठिपका म्हणजे कमजोर जागा.

बहुतेकांसाठी हाच मधला मार्ग बरा. मात्र दोन लॉटचे कागद सारखे असूनही माल वेगळा वागू शकतो, कारण दाण्यात न फुटलेलं पेरॉक्साइड उरलेलं असतं. मग उरलेलं काम तुमच्या एक्स्ट्रूडरमध्ये होतं आणि १२०० म्हणून आलेला माल डायपाशी त्याहून पातळ होऊन पोहोचतो. तपासणी अवघड नाही. एमएफआय यंत्रात एक नमुना नेहमीच्या वेळेने काढा, दुसरा दहा-पंधरा मिनिटं जास्त ठेवून काढा. दुसरा बराच वर गेला तर पेरॉक्साइड उरलं आहे अशी शंका घ्या, आणि पुरवठादाराला तोच प्रश्न विचारा. इतका पातळ माल एमएफआय यंत्राच्या नेहमीच्या डायमधून भसाभस वाहतो, म्हणून अर्ध्या मापाची डाय वापरलेली असावी, हेही बघून घ्या. वेगवेगळ्या डायवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

वासाची तक्रार याच मालात येते. पेरॉक्साइड फुटून ॲसिटोन आणि टर्ट-ब्युटेनॉल तयार होतात. ती नीट उडवून लावलेली नसतील तर रोलच्या प्लॅस्टिकमध्ये कोंडून बसतात.

स्वतःच्या लाइनवर तोडणं

३५ चा स्पनबॉन्ड ग्रेड घ्यायचा, सोबत पेरॉक्साइडचा मास्टरबॅच (रसायन आधीच मिसळलेले दाणे) टाकायचा आणि हवा तो एमएफआय काढायचा. कागदावर हा मार्ग सर्वात मोकळा: एकच साठा, हवे तितके ग्रेड. प्रत्यक्षात लागणारं पेरॉक्साइड टक्क्याच्या दशांशांत मोजावं इतकं थोडं असतं, आणि ते एकसारखं मिसळायला मेल्टब्लोनचा साधा एकेरी स्क्रू पुरा पडत नाही. ग्रॅव्हिमेट्रिक डोझर (वजन करून मात्रा सोडणारं यंत्र) नसेल तर हा विषय इथेच थांबवा. २३० अंशांच्या वर पेरॉक्साइड काही सेकंदांत संपतं, म्हणून परिणाम मात्रेवर ठरतो ही जमेची बाजू. पण फीड झोनमध्येच (स्क्रूच्या सुरुवातीला) लवकर फुटलं तर एका भागात अती आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं होतं. मास्टरबॅच उन्हात किंवा डायजवळ ठेवू नका, त्याची ताकद गुपचूप उतरते.

पेरॉक्साइडऐवजी साखळी तोडायला वापरायचे हायड्रॉक्सिलअमाइन एस्टरचे मास्टरबॅच ही यातली जास्त शहाणी वाट आहे. ते सुमारे २५० अंशांच्या वर गेल्यावरच काम करू लागतात, त्यामुळे आधी नीट मिसळायला वेळ मिळतो आणि पेरॉक्साइड साठवण्याचा धोकाही टळतो. पण इथे तापमान बदललं की एमएफआय बदलतो, म्हणजे हीटर आणि थर्मोकपल खात्रीचे हवेत.

मूळ दाण्यात अँटिऑक्सिडंट किती आहे तेही विचारा. ते रॅडिकल खाऊन टाकतं आणि तुमची मात्रा कमी पडते. कडेची कात्रण परत टाकत असाल तर त्यात पॉलिएथिलीन नाही ना, हे पाहा. पेरॉक्साइड पॉलिप्रॉपिलीनची साखळी तोडतं, पण पॉलिएथिलीनच्या साखळ्या एकमेकींत गुंतवतं. त्या जेलच्या गाठी स्क्रीन चेंजर (वितळलेला माल गाळणाऱ्या जाळ्या) थकवतात आणि छिद्रं बुजवतात. बायकॉम्पोनंट (पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन एकत्र असलेल्या) स्पनबॉन्डची कात्रण या लाइनवर आणूच नये.

फक्त तापमान चढवून माल पातळ करायचा प्रकार कुठे कुठे चालतो. त्याची तुलना करण्यातही अर्थ नाही: पिवळेपणा, धूर, डायच्या ओठांवर मेण.

मी निवड करायची झाली तर गाळणाचं किंवा वैद्यकीय कापड असेल तिथे रिअॅक्टर ग्रेड घेईन, आणि जोडीला एका पुरवठादाराचा तोडलेला ग्रेड मंजूर करून ठेवीन. तेल शोषणाऱ्या चटया, पॅकिंग, पुसणी यांना तोडलेला दाणा पुरेसा आहे. लाइनवरचा मार्ग त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे ट्विन स्क्रू आहे, रोज एमएफआय मोजणारा माणूस आहे आणि ग्रेड वारंवार बदलावे लागतात. तेव्हाही दाण्याच्या एमएफआयबरोबर तयार कापडाचाही मोजा आणि मेल्ट पंपानंतरचा, डायच्या बाजूचा दाब नोंदवत राहा. दाब हळूहळू उतरू लागला तर प्रयोगशाळेचा आकडा यायच्या आधीच डोझर तपासायला जाता येतं.