कॅरम बोर्ड : आठ महिन्यांनंतरचा अनुभव (नववीतली ताई, दुसरीतला भाऊ)

मे महिन्याच्या सुट्टीत घेतला, आता जानेवारी चालूय, म्हणून म्हटलं लिहावं, कारण घेताना मी जे काही वाचलं होतं ते सगळं डिलिव्हरी आली त्या दिवशीच लिहिलेलं, त्यात बोर्ड पावसाळ्यात कसा वागतो हे कोणी सांगतच नाही.

आमच्याकडे दोन पोरं, सात वर्षांचं अंतर. एकत्र खेळणं हा प्रकारच नव्हता. सापशिडी तिला बोअर, बुद्धिबळात हा पाच मिनिटांत रडणार, आणि मोबाईलवरून तर नुसती खेचाखेची.

बोर्ड फुल साईजचाच घेतला, म्हणजे आतलं खेळायचं मैदान 74 सेंटीमीटर, प्लाय 12 एमएम. छोटा 26 इंची घ्यावा असं वाटत होतं कारण वन बीएचके, ठेवणार कुठे, पण दुकानदार म्हणाला वर्षभरात पोरगा मोठा होईल, बोर्ड नाही होणार. पटलं. फक्त एकट्याने उचलायला जड आहे, पलंगाखालून काढायला दोघं लागतात, आणि ते दोघं म्हणजे हेच दोघं, त्यामुळे भांडण झालं असेल तर त्या दिवशी कॅरम निघतच नाही.

पहिले पंधरा दिवस नुसता वैताग. धाकट्याचा हात पुरायचा नाही, उठून उभा राहायचा, ती ओरडायची की बसून खेळायचं असतं. मग तिनेच त्याच्यासाठी नियम काढले. स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकलाच पाहिजे हे त्याला माफ, फाऊल झाला तरी सोंगटी परत ठेवायची नाही, आणि क्वीनला कव्हर नाही मिळालं तर अजून एक चान्स. मी यात काहीच बोललो नाही, बोललो असतो तर घाण केली असती.

गणपतीत आई आली होती. गुडघ्यामुळे खाली बसवत नाही म्हणून बोर्ड टेबलावर ठेवला, आणि तिने अंगठ्याने मागची सोंगटी अशी काही घेतली की दोघं गप्पच! त्यानंतर आठवडाभर दोघांचा एकच उद्योग, थम शॉट. धाकट्याच्या नखाला लागलं तर ताईने बँडेड लावून दिलं आणि वर सांगितलं, "नखाने नाही रे, बोटाच्या पेराने ढकल."

आता तक्रारी. जुलैत बोर्ड भिंतीला टेकवून उभा ठेवला होता, ओल धरली आणि मधे किंचित फुगला, स्टीलची पट्टी आडवी धरली की खालून उजेड दिसतो. मधली सोंगटी हळू मारली की आपोआप डावीकडे जाते. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की वॉरंटीत बसत नाही. आडवा ठेवा, पावसात जुन्या चादरीत गुंडाळा. एका पॉकेटची जाळी दिवाळीतच फाटली, आईच्या जुन्या लोकरीने विणून घेतली. आणि पावडर! सगळ्या घरभर पांढरं. बोरिक म्हणजे शेवटी बोरिक ॲसिडच, पोटात जायला नको, म्हणून खेळून झालं की हात धुतल्याशिवाय खायचं नाही एवढा एक नियम माझा.

दिवाळीनंतर एक दिवस धाकटा म्हणाला, "मला माफ नको, फाऊल धर." ताईने धरला. त्या दिवशी 25-4 ने हरला, रडलाही, पण बोर्ड उचलायला आला.

सेटबरोबर आलेला स्ट्रायकर फारच हलका. धाकट्याने वाढदिवसाच्या पैशातून कोपऱ्यावरच्या दुकानातून निळा जाडजूड आणला. ताईने किचनमधल्या काट्यावर ठेवला तर 17 ग्रॅम, आणि स्पर्धेत 15 च्या वर चालत नाही, म्हणून तो इल्लीगल जाहीर झाला. परवा सहज बघितलं तर हा बाथरूमला गेला होता आणि ती त्याच निळ्याने प्रॅक्टिस करत बसली होती.