399 रुपयांचं बातम्यांचं ॲप, मापाड्याच्या काट्यावर

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मी बावीस वर्षांपासून मापाडी आहे. कट्टा, म्हणजे मालाचं पोतं, काट्यावर येतो, आकडा थांबला की मी तो मोठ्यानं म्हणतो आणि वहीत लिहितो. शेतकरी माझ्या तोंडाकडं बघत असतो, अडतदार वहीकडं. दोघांपैकी एकाला जरी वाटलं की मापाडी झुकला, तर पुढचे आठ दिवस मोंढ्यात तोंड दाखवायची चोरी. हे आधीच सांगतो, कारण ज्या ॲपबद्दल लिहायलोय त्यातलं तांत्रिक मला काही कळत नाही. झुकतं माप तेवढं लांबून ओळखू येतं.

ॲपचं नाव लिहीत नाही. मराठी आहे, वर्षाला 399 रुपये. ऑगस्ट 2024 मध्ये भाचीनं माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिलं. "मामा, तुम्ही सारखं शिकागो शिकागो करायलाव ना, हे घ्या. अमेरिकेची निवडणूक रोज येते यात."

शिकागोचं खूळ मला एकट्यालाच नाही. आपल्याकडं सोयाबीनचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, डिसेंबर 2021 मध्ये बंद केला गेला, त्यामुळं पुढं भाव कुठं जाईल याचा अंदाज काढायला व्यापारी शिकागोच्या बाजाराकडं बघतात. जगात सगळ्यात जास्त सोयाबीन चीन घेतो, आणि विकणाऱ्यांत ब्राझीलच्या खालोखाल अमेरिका. 2018 च्या जुलैत ट्रम्पसाहेबांच्या करांना उत्तर म्हणून चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर 25 टक्के कर लावला, तेव्हा तिकडचा भाव कोसळला आणि शेतकऱ्यांना सांभाळायला त्यांच्या सरकारला पैसा वाटावा लागला. आता 2024 ला तेच ट्रम्प पुन्हा उभे, आणि चीनच्या मालावर 60 टक्के कर लावू म्हणायलेत. समोर कमला हॅरिसबाई, त्या ट्रम्प यांच्या आयातीवरच्या करांना ‘ट्रम्पचा विक्रीकर’ म्हणायच्या. मला पाहिजे होतं ते एवढंच: कोण आल्यावर चीन काय करील, आणि त्याचा आमच्या कट्ट्याशी संबंध काय. 399 रुपये मी त्यासाठी मोजले. ट्रम्प का हॅरिस, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. माझं मतदान औशाला आहे.

पहिला मोठा दिवस 11 सप्टेंबर. दोघांचा समोरासमोर वाद फिलाडेल्फियाला होता, तिकडं 10 तारखेची रात्र, इथं सकाळचे साडेसहा. मी चहा ठेवून मोबाइल भिंतीला टेकवून बसलो. ॲपवर थेट प्रक्षेपण होतं, वरून मराठीत बोलणारे दोघं. कर, महागाई, गर्भपात, युक्रेन, बरंच निघालं. ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक कुत्री-मांजरं खातात, असं ट्रम्प म्हणाले, आणि कार्यक्रम चालवणाऱ्यानं तिथंच सांगितलं की तिथल्या शहर प्रशासनाकडून याला दुजोरा मिळालेला नाही. झालं. पुढचे चार-पाच दिवस ॲपवर कुत्री आणि मांजरं. मांजराची गाणी, मांजराचे मीम, ‘पाहा व्हिडिओ’.

आता त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. 14 सप्टेंबरपासून केंद्र सरकारनं कच्च्या सोयातेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, शुद्ध तेलावरचं 12.5 वरून 32.5 टक्के. मोंढ्यात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. ॲपवर ही बातमी ‘अर्थ’ नावाच्या कोपऱ्यात चार ओळींची. मी आमच्या शेठला दाखवली तर ते म्हणाले, "मापाडीमामा, मांजर सोयाबीन खातंय का बघा, मग वर येईल बातमी."

तेव्हापासून वही घातली. मोंढ्यातली जुनी वही, मागच्या पानांपासून सुरुवात. ऑक्टोबरच्या पहिल्या सात दिवसांत ‘अमेरिका निवडणूक’ या सदरात 38 बातम्या आल्या. कोण पुढं, कोण मागं, कोणत्या राज्यात किती टक्के, अशा 17. दोघांचे कपडे, हसणं, चुकून निघालेले शब्द, बायको-नवरा, अशा 12. करांबद्दल 2. सोयाबीन शब्द एकाही बातमीत नाही. मग ॲपच्या शोध-खिडकीत ‘सोयाबीन’ टाकून बघितलं. पहिलं आलं ते ‘सोयाबीन वडीची चटकदार भाजी’.

मला वाटलं, मराठी ॲप आहे, गरिबाची अडचण असेल. पण भाचीनं शोधून दिलं की दुखणं मूळ गावाचंच आहे. हार्वर्डच्या शोरेनस्टाइन सेंटरनं 2016 च्या प्रचाराच्या बातम्या मोजल्या होत्या. अखेरच्या टप्प्यातल्या बातम्यांत 42 टक्के कोण पुढं कोण मागं, आणि उमेदवार काय करणार आहे याला 10 टक्के. बाजूनं-विरोधात असा सूर बघितला तर ट्रम्प यांच्याबद्दल 77 टक्के नकारात्मक, समोरच्या हिलरी क्लिंटनबाईंबद्दल 64 टक्के. म्हणजे एकाला जास्त झोडपलं, दुसरीलाही सोडलं नाही, आणि शंकरपटात पळणाऱ्या बैलांची वंशावळ सांगता सांगता शेत कुणी नांगरायचं हे राहून गेलं.

झुकतं माप कुणाकडं, हे विचाराल तर ॲपचं उत्तर गमतीचं आहे. सकाळी ते हॅरिसबाईंकडं झुकायचं आणि संध्याकाळी ट्रम्पकडं. सकाळचा मजकूर हा अमेरिकेतल्या मोठ्या इंग्रजी पेपरांवरून मराठी केलेला. संध्याकाळचे व्हिडिओ समाजमाध्यमांवरून उचललेले, तिथं ट्रम्प मॅकडोनाल्डमध्ये ॲप्रन घालून बटाटे तळायलेत, कचऱ्याच्या गाडीत बसायलेत. बटाटे मी चार दिवसांत पाच वेळा बघितले. एका दुकानात दोन काटे, एक दोन किलो जास्त दाखवणारा, एक कमी. कुणी म्हणेल मग बरोबरी झाली. मोंढ्यात अशी बरोबरी होत नसते. ज्याचा माल कमी दाखवणाऱ्या काट्यावर गेला तो गेलाच.

एक नमुना जवळून दाखवतो. 30 सप्टेंबरला न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादक मंडळानं हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला. अमेरिकेत पेपर असं उघड करतात, मताच्या पानावर, आपलं नाव लावून. बातम्या लिहिणारी माणसं वेगळी. आमच्या ॲपनं तो लेख मराठीत घेतला आणि वर शीर्षक दिलं: ‘अमेरिकेला आता हॅरिसच हव्यात’. खाली कुठंही ‘मत’ असा शिक्का नाही, संपादक मंडळ हा शब्द नवव्या ओळीत. मी आठव्या ओळीपर्यंत अमेरिकेचं मत वाचत होतो, नवव्या ओळीत कळलं की ते एका पेपरचं आहे. यात खोटं एक अक्षर नाही. कट्ट्याच्या तोंडाशी निवडलेले टपोरे दाणे आणि खाली मातेरं, अशा मालातही सगळे दाणे खरेच असतात की.

पुढं 25 ऑक्टोबरला वॉशिंग्टन पोस्टनं जाहीर केलं की आम्ही या खेपेला कुणालाच पाठिंबा देणार नाही. पेपरचे मालक ॲमेझॉनवाले जेफ बेझोस. हॅरिस यांच्या बाजूचा लेख तयार होता, तो थांबला, आणि चार-पाच दिवसांत अडीच लाखांच्या आसपास वर्गणीदारांनी पेपर सोडला. लॉस एंजेलिस टाइम्सच्या मालकानंही तसंच केलं होतं. माझ्या मते या अख्ख्या निवडणुकीतली वाचण्यासारखी बातमी ही. काटा कुणाच्या हातात आहे, हे त्यात दिसतं. ॲपनं ती ‘बेझोस यांना मोठा धक्का’ म्हणून बेझोस यांच्या जहाजाच्या फोटोसकट दिली.

आणि ‘आपलं माणूस’. तमिळनाडूतलं थुलासेंद्रपुरम हे हॅरिसबाईंच्या आजोबांचं गाव. तिथल्या देवळात पूजा झाली की ॲपवर ती सगळ्यात वर. पलीकडं ट्रम्प यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स यांच्या पत्नी उषा, आईवडील आंध्रचे, म्हणून त्यांचंही गाव. ट्रम्प यांनी दिवाळीच्या शुभेच्छा देताना बांगलादेशातल्या हिंदूंबद्दल लिहिलं, तो दिवस पूर्ण त्यांचा. या बाबतीत मी ॲपला फार बोलणार नाही. 2007 ला प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतीपदाला उभ्या राहिल्या, मराठी म्हणून शिवसेनेनं युतीचा उमेदवार सोडून त्यांना मत दिलं, तेव्हा मराठी पेपरांत जे आलं ते मीही मिटक्या मारत वाचलं होतं. समोरच्या भैरोसिंह शेखावत साहेबांचं एक वाक्य आज आठवत नाही.

आपल्याकडं पेड न्यूज हा शब्द 2009 च्या विधानसभेपासून पोराटोरांना पाठ आहे. त्यामुळं ॲप झुकलं की पहिली शंका पाकिटाची येते. पण हॅरिस किंवा ट्रम्प यांचं पाकीट लातूरपर्यंत कोण पोचवणार? इथं कुणी पैसे दिले नाहीत आणि तरी काटा हलला. मला वाटतं हा जास्त अवघड प्रकार. लबाड मापाडी पकडता येतो. ज्याच्या काट्याखाली खडा आलाय आणि त्याला माहीतच नाही, त्याला काय सांगणार?

शेठचा मुलगा डॅलसला असतो. आमच्या मोबाइलच्या ग्रुपवर तो ट्रम्पकडं झुकलेल्या फॉक्स चॅनेलचे तुकडे धाडायचा, भाची पुण्याहून दुसऱ्या बाजूचे. भाचीनं एकदा लिहिलं की फॉक्सनं 2020 च्या निकालाबद्दल जे चालवलं त्यापायी मतदान यंत्राच्या कंपनीला 78 कोटी 75 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, एप्रिल 2023 मध्ये. त्यावर डॅलसहून उत्तर आलं की मग तुमचे चॅनेल 2024 च्या जूनमधल्या ट्रम्पबरोबरच्या वादापर्यंत तेव्हाचे अध्यक्ष बायडन ठणठणीत आहेत म्हणत होते त्याचं काय. दोघांचंही मला पटलं. हमालांनी ग्रुप सोडला.

आयोवाचं सांगायचं राहिलं. आयोवा म्हणजे मका आणि सोयाबीनचं राज्य, मी त्याला तिकडचं लातूर म्हणतो. मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी तिथल्या एका नावाजलेल्या पाहणीत हॅरिस 47, ट्रम्प 44 असं आलं. ॲपनं लिहिलं, ‘ट्रम्प यांच्या बालेकिल्ल्याला भगदाड’. एकाच पाहणीचा आकडा आहे, बाकीच्या पाहण्या वेगळं सांगतायत, हे नाही लिहिलं. आमच्याकडं पोटलीच्या, म्हणजे नमुन्याच्या मालाच्या, सौद्यात जो भाव फुटतो तो मोठ्या अक्षरात गावभर होतो, आणि शेतकरी ट्रॅक्टर भरून आला की त्याला दोन-तीनशे कमी सांगतात. पोटलीचा भाव खोटा नसतो, तो एका पोटलीचा असतो. आयोवात ट्रम्प 13 टक्क्यांनी जिंकले. 6 नोव्हेंबरला दुपारी चारच्या सुमारास ट्रम्प निवडून आल्याचं नक्की झालं, तेव्हा मी काट्यावर होतो. मोबाइल खिशात सतत थरथरत होता. शेवटी राज्याराज्यांच्या प्रतिनिधींच्या 538 मतांत 312 विरुद्ध 226. भगदाडाबद्दल पुन्हा एक ओळ नाही.

चांगलंही सांगायला पाहिजे. अक्षर मोठं करता येतं. मजकूर वाचून दाखवायची सोय झकास आहे, बाईचा आवाज स्वच्छ, काट्यावर उभ्यानं ऐकता येतो. फक्त ‘आयोवा’ला ती ‘आयो वा’ म्हणते. 538 मतांची त्यांची पद्धत आणि जिंकायला लागणारा 270 चा आकडा समजावणारा एक लेख तर इतका सोपा होता की मी तो हमालांना वाचून दाखवला. तिथं आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीची तुलनाही होती, महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175 वगैरे. हमालांपैकी एकानं लगेच विचारलं, "मग आमचं?"

तक्रार सेवेची. ऑगस्ट 2025 ला वर्ष भरलं आणि 399 रुपये खात्यातून आपोआप गेले. सप्टेंबरच्या पुरात सोयाबीन शेतातच कुजलं, मोंढ्यात आवक नाही, तेव्हा पासबुक बघायला वेळ मिळाला म्हणून कळलं. फोनवर पोरगी गोड बोलली, "सर, ऑटोपे तुम्हीच सुरू केलं होतं." खरंय, भाचीनं केलं होतं. पैसे परत मिळत नाहीत. बंद करताना कारण विचारतात: किंमत जास्त, जाहिराती जास्त, वेळ नाही, इतर. मी ‘इतर’ दाबून लिहिलं: सोयाबीन कुठंय? आठ दिवसांनी उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.

मला विचाराल तर पाचपैकी दोन तारे, एक वाचून दाखवणाऱ्या बाईला आणि एक त्या 538 च्या लेखाला. वर्गणी आता ऑगस्ट 2026 पर्यंत चालू आहे. कुणाला वापरायची असेल तर मोंढ्यात येऊन पासवर्ड घेऊन जा. रविवारचं शब्दकोडं चांगलं असतं.