मांगिरीश, जयकेशी की सोहिरा? बारशाआधी करायचा विचार

भाचीला मुलगा झाला आणि चौथ्याच दिवशी फोंड्याहून तिचा फोन आला. "मावशी, बारसं रविवारी ठरलंय. नाव असं हवं की वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल, पण ऐकल्यावर गोव्याचं वाटलं पाहिजे." तिने आणि जावयांनी तीन नावं काढून ठेवली होती: मांगिरीश, जयकेशी आणि सोहिरा. तीस वर्षं डिचोलीत मराठी शिकवलं, रोज सकाळी हजेरी घेतली. त्या सगळ्या वर्षांत माझ्या वर्गात मांगिरीश एकदाच आला. जयकेशी आणि सोहिरा कधीच नाही. मंगेश मात्र एके काळी प्रत्येक बाकावर होता, पुढे तोही कमी होत गेला आणि त्याच्या जागी आरव, विहान, अथर्व आले.

दुर्मीळ नाव घ्यायचं तर मी आधी दोन गोष्टी बघते. मूल सहा वर्षांचं झालं की कुणीतरी विचारणारच, "तुझ्या नावाचा अर्थ काय रे?" तेव्हा त्याला स्वतःच्या तोंडाने दोन वाक्यांत सांगता येईल का? आणि त्याचा हात धरून "हे बघ, तुझं नाव इथलं" असं म्हणायला एखादी जागा आहे का? मोबाइलवरच्या याद्यांमधली निम्मी नावं इथेच गळतात. त्यांना अर्थ नंतर चिकटवलेला असतो.

मांगिरीश या कसोटीला सहज उतरतं. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: शंकर वाघाचं रूप घेऊन समोर आले, पार्वती घाबरली, आणि "त्राहि मां गिरीश", म्हणजे "हे गिरीशा, मला वाचव", असं म्हणता म्हणता तिच्या तोंडून "मां गिरीश" एवढंच निघालं. तेच देवाचं नाव झालं, आणि पुढे बोलण्यात झिजून मंगेश झालं. दुसरी परंपरा सांगते की भागीरथीकाठच्या मांगिरीश पर्वतावर हे लिंग होतं, तिथून ते गोमंतकात आलं. दोन्हींपैकी कुठलीही गोष्ट लहान मुलाला सांगता येते. मला पहिली जास्त आवडते, कारण त्यात एका घाबरलेल्या माणसाची हाक आहे.

जागा तर डोळ्यांसमोरच आहे. मूळ देऊळ कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला होतं. बाटाबाटीच्या धास्तीने १५६० मध्ये भक्तांनी लिंग जुवारी नदी ओलांडून प्रियोळला नेलं, आणि त्या वाडीचंच नाव मंगेशी पडलं. भाचीचं सासर तिथून हाकेच्या अंतरावर. मुलगा तळीच्या पायऱ्यांवर खेळत मोठा होईल.

एकच अडचण आहे, आणि ती मी जवळून पाहिली आहे. माझ्या वर्गातल्या त्या मांगिरीशच्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत 'जी'च्या पुढे 'यू' होता, शाळेच्या रजिस्टरात नव्हता. पोर्तुगीज लिहिण्याच्या पद्धतीत 'जी'नंतर 'ई' किंवा 'आय' आला की उच्चार बदलतो. 'ग'चा 'ग'च राहावा म्हणून मध्ये 'यू' घालतात. मंगेशीच्या पाट्यांवर आजही तसंच लिहिलेलं दिसतं. वडिलांनी जुन्या सवयीने 'यू' घातला, शाळेत कुणीतरी ऐकून लिहिलं. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा त्या वडिलांनी एका अक्षरासाठी किती खेटे घातले ते मला माहीत आहे. शेवटी फॉर्मवर बोट ठेवून मुलगाच म्हणाला, "बाई, मी दोन्ही लिहू का?"

जयकेशी हे नाव मात्र माझ्या मनात घर करून बसलंय, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते. गोव्यावर कदंबांचं राज्य होतं एवढं आपल्याला सरकारी 'कदंब' बसच्या नावामुळे तरी माहीत असतं. त्या घराण्यात जयकेशी नावाचे तीन राजे झाले. पहिला ११ व्या शतकातला. राजधानी चंद्रपूरहून, म्हणजे चांदरहून, जुवारीकाठच्या गोपकपट्टणात आली ती त्याच्या काळात. आजचं गोवा वेल्हा ते हेच. त्याची मुलगी मयणल्लादेवी गुजरातच्या चालुक्य कर्णाला दिली, आणि तिचा मुलगा सिद्धराज जयसिंह. गुजरातेत तिला मीनळदेवी म्हणतात आणि अजून विसरलेले नाहीत. दुसऱ्या जयकेशीचं लग्न कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या मुलीशी झालं.

पहिल्या जयकेशीची एक गोष्ट मेरुतुंगाचार्यांच्या प्रबंधचिंतामणीत येते. राजाचा एक लाडका पोपट होता. एकदा राजाने त्याला जेवायला बोलावलं. पिंजऱ्याबाहेर यायला पोपट मांजराला भ्यायला, तेव्हा राजाने शब्द दिला की तुला काही झालं तर मीही जगणार नाही. आसनाखाली मांजर दबा धरून बसलं होतं. पोपट मेला, आणि कुणी कितीही समजावलं तरी राजाने आपला शब्द पाळला. इतिहास म्हणून ती घ्यायची की आख्यायिका म्हणून, ते ज्याचं त्याने बघावं. पण आपल्या राजाची दूरदेशी उरलेली ओळख 'दिला शब्द पाळणारा' अशी असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अर्थाबद्दल भाचीच्या सासूबाईंनी शंका काढली: "केशी तर कृष्णाने मारलेला असुर ना?" बरोबर आहे. घोड्याचं रूप घेऊन आलेल्या केशीला कृष्णाने मारलं, आणि केशव नावाची एक फोड तीच सांगतात. पण 'केशिन्' याचा साधा अर्थ लांब केसांचा, आयाळ असलेला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला केशी हा वाऱ्यावर स्वार होणारा, जटा वाढवलेला मुनी आहे. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर, म्हणजे गद्याणांवर, सिंह असतो. त्यामुळे 'जयकेशी' म्हटलं की मला आयाळ असलेला विजयी सिंहच दिसतो. सासूबाईंना हे पटलं की नाही कोण जाणे, पण पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

दाखवायला जागा म्हणाल तर गोवा वेल्ह्याला जुन्या बंदराचे अवशेष तेवढे उरलेत, लहान मुलाला त्यात काय कळणार? त्यापेक्षा त्याला नार्व्याला न्यावं. सप्तकोटेश्वर हे कदंबांचं आराध्य दैवत, त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख राजांच्या बिरुदातच आहे. दिवाडी बेटावरचं देऊळ पोर्तुगिजांनी पाडल्यावर देव डिचोलीत नार्व्याला आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. आधी कदंब, मग महाराज: एका देवळात दोन्ही सांगून होतात. नाहीतर पावसाळा संपला की तांबडी सुर्लाला जावं. काळ्या दगडाचं ते महादेवाचं देऊळ कदंबकाळातलं, भोवती रान आणि खाली नदी.

धोका दुसराच आहे. आठ दिवसांत जयकेशीचा 'जय' होईल, आणि जय म्हणजे प्रत्येक गल्लीत एक. हे नाव ठेवायचं तर घरातल्यांनी ते पूर्ण उच्चारायचा निश्चय करायला हवा. शिवाय 'केशी' ऐकून वर्गातली पोरं केस कापण्यावरून चिडवणार. पहिली-दुसरीत चिडवतील, मग विसरतील.

सोहिरा हे तिघांत सगळ्यात कोवळं नाव. १८ व्या शतकातले संतकवी सोहिरोबानाथ आंबिये आपल्या पेडणे-बांदा भागातले. ते बांद्याचे कुलकर्णी. सांगतात की सावंतवाडीला जाताना इन्सुलीच्या रानात थकून त्यांनी बरोबरचा फणस फोडला, तेवढ्यात एका नाथयोग्याने समोर येऊन वाटा मागितला. त्यांनी फणसाचे गरे त्याच्यापुढे केले आणि तिथून त्यांचं आयुष्यच पालटलं. ते योगी म्हणजे गहिनीनाथ अशी श्रद्धा आहे. 'हरिभजनाविण काळ घालवू नको रे' हे त्यांचंच पद, मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या आवाजात आपण ऐकत आलो. पेडण्याच्या सरकारी महाविद्यालयालाही त्यांचंच नाव आहे. मला या नावात 'सोहं' ऐकू येतं आणि पाठोपाठ 'हिरा'.

पण नोकरीसाठी मुलगा उद्या बंगळुरूला किंवा परदेशी गेला तर? इंग्रजीत लिहिलेलं हे नाव बहुतेक लोक मुलीचं समजतील, कारण समीरा, साहिरा याच चालीवर ते वाचलं जातं. जयकेशीलाही शेवटच्या 'ई'मुळे हा त्रास थोडा होईल, मात्र शशी, हरी यांची सवय असल्याने कमी. मांगिरीशला मुळीच नाही.

ओघात आणखी दोन नावं पुढे आली. रवळनाथ मला मनापासून आवडतं, पण पेडण्यात ते दुर्मीळ नाही, तिथे घरोघरी एखादा रवळू सापडेल. सप्तेश हे सप्तकोटेश्वरावरून केलेलं. दिसायला सुटसुटीत, पण सात कोटींतले 'कोटी' गेले की उरतं काय? मी ते बाजूला ठेवायला सांगितलं.

कागदपत्रांचं आजच पक्कं करावं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसेल तर नावाशिवायही नोंद होते आणि १२ महिन्यांपर्यंत शुल्काविना नाव घालता येतं, म्हणून घाईत भलतं नाव टाकू नका. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा धरतात, आणि गोव्यात नाव बदलायचं झालं तर १९९० च्या स्वतंत्र कायद्याची प्रक्रिया आहे. तेव्हा दाखल्यावर जाणारं स्पेलिंग आधी कागदावर लिहून घरातल्या चार जणांकडून वाचून घ्या. मांगिरीशच्या बाबतीत 'यू' हवा की नको ते त्याच दिवशी ठरवा.

भाचीने विचारलं, "मग तू कुठलं ठेवशील?" मी म्हटलं, माझा नातू असता तर जयकेशी. तुमच्या घराचं कुलदैवत मंगेश आहे, आजी दररोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून त्याचंच नाव घेतात, तेव्हा तुमच्याकडे मांगिरीश आपसूक बसेल. ज्या घरात भजनाची पेटी रोज उघडते तिथे सोहिरा. कुलदैवत वेगळं असूनही मूळ गोव्याचंच हवं, अशांनी जयकेशीचा विचार जरूर करावा.

काल रात्री तिचा पुन्हा फोन आला. तिघांनी तिन्ही नावं अंगणातून हाक मारून पाहिली होती. जयकेशी हाकेला तुटतं, दोनदा श्वास घ्यावा लागतो, असं जावई म्हणाले. मांगिरीशचा शेवटचा 'री' लांबवता येतो, तो पलीकडच्या पोफळींच्या कुळागरापर्यंत पोचला. आजींनी पाळण्याची दोरी हातात घेऊन तेच नाव हळू आवाजात पुन्हा म्हटलं, आणि बाळाने कूस बदलली. रविवारी मी सकाळच्या बसने निघतेय.