पहिली परदेशवारी: सिंगापूर की क्वालालंपूर?

सोबत लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर सिंगापूर. मुलं मोठी असतील, माणसं पाच-सहा आणि हात थोडा आखडता असेल तर मलेशियाची राजधानी क्वालालंपूर. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या घरातली माणसं डोळ्यांसमोर ठेवता येतील. दोन्ही शहरांत विमानाने जेमतेम तासाभराचं अंतर आहे. हवा दोन्हीकडे बारा महिने उष्ण आणि दमट, घड्याळ दोन्हीकडे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. फरक पडतो तो तिथे उतरल्यावर, घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस दिवसअखेर किती दमतं त्यात. म्हणून स्थळांची यादी थोडी बाजूला ठेवा आणि ते माणूस कोण, हे आधी ठरवा.

व्हिसाच्या बाबतीत मलेशिया सरळ पुढे आहे. भारतीय पासपोर्टवर डिसेंबर २०२३पासून ३० दिवसांपर्यंतच्या पर्यटनाला व्हिसा लागत नाही. ही सवलत २०२६च्या अखेरपर्यंत जाहीर झालेली आहे, तेव्हा तारखा पाहूनच तिकीट काढा. सिंगापूरला व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो आणि माणशी ३० सिंगापूर डॉलर सरकारी शुल्क भरावं लागतं. तान्ह्या बाळालाही ते चुकत नाही, आणि अर्ज नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. पाच जणांचे १५० डॉलर झाले, वर एजंटाची फी. दोन्ही देशांचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती बंद करून सरकारी साइट शोधा.

खर्चात खरी तफावत पडते ती खोलीत. एका सिंगापूर डॉलरला तीनच्या वर रिंगिट (मलेशियाचं चलन) मिळतात, पण भाव नुसते चलनामुळे वाढत नाहीत. सिंगापुरातल्या खोल्या लहान असतात आणि किती माणसं राहणार याचा नियम हॉटेलवाले काटेकोर पाळतात. आई-वडील, दोन मुलं आणि आजी म्हटलं की दोन खोल्या आल्याच. मग इंटरनेटवर कुणाचा तरी फ्लॅट चार रात्रींसाठी मिळतो का, हे पाहण्याचा मोह होतो. तो टाळा. तिथे खासगी घर सलग तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणं बेकायदा आहे. क्वालालंपुरात मात्र सर्व्हिस्ड अपार्टमेंट सर्रास मिळतात: दोन-तीन बेडरूम, ओटा, वॉशिंग मशीन, खाली पोहण्याचा तलाव. परदेशी पाहुण्याला खोलीमागे रोज १० रिंगिट पर्यटन कर पडतो, तो धरूनही एकत्र कुटुंबाला हे कितीतरी परवडतं. दुपारी घरी येऊन वरणभाताचा कुकर लावता आला तर आजीही खूश.

आता चालणं. माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो.

सिंगापुरात तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते या सोयीसाठी. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनांवर लिफ्ट आहेत, फलाटाच्या कडेला सरकते दरवाजे आहेत, त्यामुळे मूल हात सोडून धावलं तरी रुळांपर्यंत जाऊ शकत नाही. बाबागाडी किंवा व्हीलचेअर बसमध्येही रॅम्पवरून चढते. वेगळं तिकीट काढायची गरज नाही. टॅप होणारं बँक कार्ड दाराशी टेकवलं की झालं. फक्त प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघांना आत जाता येत नाही, तेव्हा फॉरेक्स कार्डं काढतानाच हे लक्षात ठेवा. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्यांबरोबर फुकट. ग्रॅब या ओला-उबरसारख्या अ‍ॅपवरून खासगी गाडी बोलावणार असाल तर १.३५ मीटरहून कमी उंचीच्या मुलासाठी गाडीत चाइल्ड सीट लागते. नेहमीच्या टॅक्सीला या नियमातून सूट आहे.

क्वालालंपुरात रेल्वेचं जाळं मोठं आहे, पण एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना बरंच चालावं लागतं. फूटपाथ मध्येच संपतात, आणि समोर दिसणाऱ्या इमारतीपर्यंत पोहोचायला सहा पदरी रस्ता आडवा येतो. केएलसीसी (पेट्रोनास मनोऱ्यांचा परिसर) ते बुकित बिंतांग (खरेदीचा भाग) हा साधारण सव्वा किलोमीटरचा वातानुकूलित पादचारी पूल त्याला सुखद अपवाद, त्याच्या आसपास राहिलात तर संध्याकाळ सोपी जाते. बाकी सगळीकडे ग्रॅब. भाडं स्वस्त आहे, पण संध्याकाळी धो-धो पाऊस आला की गाडी लवकर मिळत नाही, मिळाली तर ट्रॅफिकमध्ये अडकते. मोठ्या मुलांसोबत हे निभावतं. झोपाळलेलं तीन वर्षांचं मूल कडेवर असेल तर फार जड जातं.

पाहण्यासारखं दोन्हीकडे भरपूर आहे. सिंगापुरातलं एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी गार्डन्स बाय द बे निवडेन. बाहेरची बाग मोफत, आणि रात्री पावणेआठ व पावणेनऊला सुपरट्रींचा दिव्यांचा खेळही मोफत. २५ ते ५० मीटर उंचीची ती लोखंडी झाडं संगीतावर उजळू लागतात आणि माणसं सरळ जमिनीवर आडवी होऊन वर बघत राहतात. तुम्हीही चटई घेऊन जा, मान अवघडणार नाही. दुपारच्या उन्हात तिथल्या क्लाउड फॉरेस्टच्या थंड काचघरात तिकीट काढून शिरा, ३५ मीटरचा धबधबा अगदी दारातच आहे. मंडाईच्या प्राणिसंग्रहालयासाठी पूर्ण दिवस ठेवा. १९९४पासून चालू असलेली नाइट सफारी त्याच दिवशी कोंबू नका, मुलं ट्राममध्येच झोपून जातात. बोटॅनिक गार्डनमधली लहान मुलांची बाग मला विशेष आवडते: मोफत आहे, आणि मोठ्या माणसाला मुलाशिवाय आत सोडत नाहीत. युनिव्हर्सल स्टुडिओ मात्र मूल पुरेसं उंच झाल्यावरच, कारण मोठ्या राइड्सना उंचीची अट आहे.

क्वालालंपुरात ४५२ मीटर उंचीचे पेट्रोनास जुळे मनोरे आहेतच. वर जाण्याची तिकिटं आधी काढून ठेवा, सोमवारी ते बंद असतात. पण मुलं रमतात ती पायथ्याच्या बागेतल्या उथळ तलावात. कोरडे कपडे घेऊनच जा. बटू केव्हज या गुहांमधल्या मंदिराला २७२ रंगीत पायऱ्या आणि शेजारी मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, ४२.७ मीटरची सोनेरी मूर्ती. पायऱ्या अरुंद आणि चढ खडा आहे, शिवाय माकडं हातातली प्लास्टिकची पिशवी बघता बघता पळवतात. गुडघे दुखणाऱ्यांनी मूर्तीचं दर्शन खालूनच घ्यावं. सकाळी लवकर गेलात तर मोठी मुलं हा चढ आनंदाने चढतात. गेंटिंग हायलंड्स हे थंड हवेचं ठिकाण साधारण १,८०० मीटरवर, केबल कारने वर जाता येतं. दमट उकाड्यातून वर पोहोचल्यावर थंडी चांगलीच जाणवते, स्वेटर ठेवा.

जेवणाची काळजी दोन्हीकडे नको. सिंगापुरात लिटल इंडिया आणि तिथलं टेक्का सेंटर, क्वालालंपुरात केएल सेंट्रल स्टेशनला लागून असलेलं ब्रिकफील्ड्स: डोसा, इडली, केळीच्या पानावरचं जेवण सहज मिळतं. शुद्ध शाकाहारी असाल तर एवढं सांभाळा की चिनी-मलय पद्धतीच्या पालेभाजीतही बेलाचान, म्हणजे जवळ्याची पेस्ट असते. ती नको असं आधी स्पष्ट सांगा. सिंगापुरात नळाचं पाणी थेट प्यायला चालतं. पाच जणांचा रोजचा बाटल्यांचा खर्च वाचतो. तिथे एमआरटीत खाणंपिणं चालत नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे, त्यामुळे मुलांचा खाऊ स्टेशनाबाहेरच उरकावा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, जेवल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा असतो. च्युइंग गम आणि खायची तंबाखू सामानातून आधीच काढा.

एकाच सहलीत दोन्ही करायची अनेकांची इच्छा असते. पाच दिवसांत ते करू नका. बसने पाच-सहा तास जातात आणि सीमेवर दोनदा, सामान उतरवून, इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागतं. आठ-नऊ दिवस हाताशी असतील तर आधी क्वालालंपूर, मग विमानाने सिंगापूर, आणि परतीचं तिकीट सिंगापूरहून. चांगी विमानतळावर थोडं लवकर पोहोचलात तर ज्वेल या तिथल्या मॉलमधला ४० मीटरचा धबधबा पाहून होतो. त्याला तिकीट नाही.