पॉक्सो खटल्यात मुलासोबत, की बालगृहात दर शनिवारी?

गोव्यात अडचणीतल्या मुलांना वेळ द्यायचा तर दोन मुख्य वाटा आहेत. एक, पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) खटल्यातल्या मुलाचा सपोर्ट पर्सन होणं, म्हणजे तपास आणि खटला चालू असताना त्याला सोबत आणि आधार देणं. दुसरी, बालगृहात ठरलेल्या दिवशी जाऊन मुलांचा अभ्यास घेणं, त्यांच्याशी खेळणं-बोलणं.

पहिली चाळण पात्रतेची. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सपोर्ट पर्सनला समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकासातली पदव्युत्तर पदवी लागते; नाहीतर साधी पदवी आणि मुलांचं शिक्षण, विकास वा संरक्षण यांतला किमान तीन वर्षांचा अनुभव. मूल आणि पालकांच्या संमतीने बाल कल्याण समिती (अडचणीतल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) सपोर्ट पर्सनला नेमते. कामाचा मोबदला देण्याची तरतूद आहे, म्हणजे ही निव्वळ स्वयंसेवा नव्हे. बालगृहात शिकवायला अशी पदवी लागत नाही. पोलिसांचा चारित्र्य दाखला मात्र मागितला नाही तरी आपणहून द्यावा, आणि संस्थेची बाल न्याय कायद्याखालची नोंदणी चालू आहे ना, तेही विचारावं.

खरा फरक वेळेचा. मुलाची साक्ष 30 दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा असं कायदा म्हणतो, पण तारखा पुढे जातात आणि त्या कामाच्या दिवशीच पडतात. साक्षीच्या दिवशी काणकोणहून निघालेलं मूल उपाशी पोचू नये, म्हणून डबा-पाणी बरोबर हवं. कोर्टाची खोली त्याला आधी दाखवून आणावी. आरोपी समोर येणार नाही याची व्यवस्था सरकारी वकिलांकडून पक्की करून घ्यावी. मूल कन्नड किंवा हिंदी बोलणारं असेल तर दुभाषी आधीच मागावा, ऐन वेळी मिळत नाही. प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात आणि मध्ये विश्रांती मागता येते, हे मुलाला सांगून ठेवावं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते मायेपोटी उत्तरं पढवल्याने. उलटतपासणीत ‘हे तुला कोणी सांगितलं?’ असा प्रश्न आला की मूल गोंधळतं आणि खरी साक्षही संशयात जाते. ‘समजलं नाही तर समजलं नाही म्हण, आठवत नसेल तर तसं सांग,’ एवढंच शिकवावं. समितीला दरमहा अहवाल द्यायचा असतो. त्यात मुलाची तब्येत आणि शाळेबरोबर अंतरिम भरपाईच्या, म्हणजे निकालाआधीच मिळू शकणाऱ्या मदतीच्या, अर्जाचं काय झालं तेही लिहावं. तो अर्ज हमखास मागे पडतो.

बालगृहातला धोका वेगळा: उत्साहाने सुरुवात करून गणपतीनंतर न फिरकणं. आधीच माणसं गमावलेल्या मुलाला हे फार लागतं. आठवड्याला दोन तास, निदान एक शालेय वर्ष, एवढं जमणार असेल तरच पाऊल टाकावं. भेटवस्तू आणि घरी नेण्याची आश्वासनं नकोतच. फोटोही नाही: मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सोमवार ते शुक्रवार नोकरी असेल तर आमच्या मते बालगृहच बरं. निवृत्त समुपदेशक किंवा अनुभवी शिक्षिका असाल तर सपोर्ट पर्सन व्हाच. नावनोंदणीची चौकशी आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात करावी, आणि कोकणीखेरीज कोणत्या भाषा बोलता येतात ते अर्जात ठळक लिहावं.