पिस्तुलावरचा दिवा आणि रेड डॉट: सेल कधी बदलायचे?

टेक्सासमध्ये नुकतंच घरासाठी पहिलं पिस्तूल घेतलेल्या आपल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. "वरच्या दिव्याचे आणि रेड डॉटचे (नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या उपकरणाचे) सेल वर्षातून एकदा बदलले की झालं ना?" (बॅटरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून गावाकडचा अख्खा टॉर्चच येतो, म्हणून इथे सेलच म्हणतो.) माझं उत्तर असं की डॉटचा वर्षाला बदला, दिव्याचे मात्र मिनिटं मोजून बदला. दोघं बसतात एकाच पिस्तुलावर, पण त्यांची भूक अगदी वेगळी आहे.

दिवा पेटवला तरच खातो, पण तेव्हा बकासुरासारखा खातो. स्ट्रीमलाइटचा टीएलआर-1 एचएल घ्या नाहीतर शुअरफायरचा एक्स300 अल्ट्रा. दोन्ही 1000 ल्यूमेनचे (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप), आणि सीआर123ए नावाच्या दोन छोट्या लिथियम सेलांवर चालतात जेमतेम सव्वा ते दीड तास. डॉट मात्र अहोरात्र चालू ठेवला तरी घोट घोट पितो. एमपॉइंटच्या टी-2 चा किंवा होलोसनच्या 507सी चा दावा 50,000 तासांचा आहे, म्हणजे साडेपाच वर्षांहून जास्त.

आता दिव्याचा हिशेब. लिथियमचा सीआर123ए नुसता पडून 10 वर्षं टिकतो. तुमचं पिस्तूल सेफमध्येच असेल आणि दिवा महिन्यातून एकदा क्षणभर लावून बघत असाल, तर दरवर्षी नवे सेल घालणं म्हणजे पैसे वाया. पण रोज रात्री रिकाम्या पिस्तुलाने दोन मिनिटं सराव करत असाल, तर दीड महिन्यात सेलांनी मान टाकलीच म्हणून समजा. सरावाची मिनिटं मी सेफच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहितो. चाळीस झाली की दोन्ही सेल बाहेर.

"पेटतोय ना, मग ठीक आहे" ही परीक्षा इथे फसवी ठरते. लिथियम सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) जवळजवळ शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. मल्टिमीटरसुद्धा फारसा कामाचा नाही. नवा सेल 3.2 व्होल्ट दाखवतो, पण बराच वापरलेलाही बिनभाराचा, म्हणजे दिवा न पेटवता मोजला तर, 3 च्या आसपास दाखवून मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट. दोन सेलांचा दिवा असेल तर दोन्ही एकदम बदला, तेही एकाच कंपनीचे. एक जुना आणि एक नवा घातला तर जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो, आणि सेल तापून फुटू शकतो.

रिचार्जेबल घ्यावेत का? फक्त सरावापुरते, आणि दिवा त्यासाठीच बनवलेला असेल तरच. सीआर123ए च्या मापाचा 16340 सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्टचा असतो. दोन घातले की 6 च्या जागी 8.4 व्होल्ट जातात आणि आतलं सर्किट जळू शकतं. मोडलाइट कंपनीचे दिवे 18650 सारख्या चार्ज होणाऱ्या सेलांसाठीच बनवलेले असतात, तिथे प्रश्न नाही. पण चार्ज करायची आठवण राहणार नाही अशा माणसाने साधे सीआर123ए च घ्यावेत. मी त्याच गटातला.

डॉटच्या बाबतीत एकदा चांगलाच धडा मिळाला. दुपारच्या उन्हात रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) ठिपका पूर्ण प्रखर केला होता. घरी येऊन तसाच सेफमध्ये ठेवला. पुढच्या वेळी रेंजवर पिस्तूल वर धरलं तर काच स्वच्छ, ठिपका गायब. ते 50,000 तास मध्यम उजेडाचे असतात. सर्वांत प्रखर पातळीवर तोच सेल कितीतरी लवकर संपतो. म्हणून दावा काहीही असो, वर्षाला एक चपटा सेल. डॉलर-दोन डॉलरचं तर काम आहे.

डॉट अजून घ्यायचा असेल, तर सेल कुठून बदलतो ते आधी बघा. ट्रिजिकॉन कंपनीच्या जुन्या आरएमआर डॉटमध्ये तो खालून बसतो. अख्खा डॉट उतरवावा लागतो आणि मग रेंजवर जाऊन नेम पुन्हा तपासणं आलं. होलोसन 507सी ला बाजूने छोटा ट्रे आहे, त्यामुळे नेमाला धक्का लागत नाही. ट्रिजिकॉनचाच नवा आरएमआर एचडी वरून उघडतो. रायफलसाठी ईओटेक कंपनीच्या अशाच नेमाच्या काचेकडे मन ओढत असेल तर एवढं लक्षात असू द्या की त्यांच्या ईएक्सपीएस मॉडेलचा एक सीआर123 साधारण 1000 तास चालतो, म्हणजे एकेचाळीस दिवस. म्हणूनच तो 8 तासांनी आपोआप बंद होतो. मध्यरात्री आधी बटण शोधायचं असेल तर तो घ्या. मला ते जमणार नाही.

घरात लहान मूल असेल तर चपट्या सेलांना जपा. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजून काढू शकतो. अमेरिकेत 2022 साली यासाठी रीस कायदा झाला. काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात. तो चांगलाच, पण काही उपकरणांत त्या लेपामुळे संपर्क नीट होत नाही. म्हणून नवा सेल घातल्यावर ठिपका दिसतो का ते लगेच बघा. जुन्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि मगच टाका.

तारीख? इथले लोक घड्याळाचा तास बदलतो त्या रविवारी धुराच्या अलार्मचे सेल बदलतात, तेव्हाच हेही उरकतात. आमच्याकडे खंडेनवमी. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, चेंबर (नळीमागची गोळीची जागा) रिकामं आहे का ते डोळ्यांनी आणि बोटानेही बघायचं, नळी भिंतीकडे, मग डॉटचा सेल, मग पूजा. कुंकू सेफच्या दाराला लावायचं. एका वर्षी ते भिंगाला लागलं आणि पुसता पुसता तासभर गेला.

दिव्यातून काढलेले सेल मी फेकत नाही. ते पलंगाशेजारच्या एका सेलवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये जातात. रात्री खुडबुड ऐकून बघायला जायचं ते हा टॉर्च घेऊन, कारण पिस्तुलावरचा दिवा जिकडे वळेल तिकडे नळीही वळते, आणि आमच्या घरी खुडबुड करणारा बहुतेक वेळा मुलगाच असतो, फ्रिज उघडून उभा.